मिरचीचा संबंध नाही

पहिली चूक नवलची. ती आधीच कबूल केलेली बरी, कारण मंजुळाबाई पुढे ज्यांच्यावर चिडली त्यांची यादी बरीच लांब आहे आणि तिच्यात पहिलं नाव त्याचंच लागतं.

नवल शिंदखेड्याला तहसील कचेरीबाहेर फॉर्म भरून देतो. उत्पन्नाचा दाखला, पीकविमा, पोलीस भरती, जे म्हणाल ते. टपरीत एक संगणक, एक प्रिंटर आणि लॅमिनेशनचं मशीन. या धंद्यात एक शब्द फार उपयोगाचा आहे, तो म्हणजे निरंक. रकान्यात काय लिहायचं ते ठाऊक नसलं, माणसाला विचारायला सवड नसली, आणि रिकामा ठेवला तर कारकून अर्ज परत फेकेल अशी भीती असली, की तिथे निरंक लिहायचं. इतर उत्पन्न, निरंक. यापूर्वी घेतलेला लाभ, निरंक. सरकार खूश, अर्जदार खूश, पुढचा नंबर.

गेल्या वर्षी जून महिन्यात त्याची फुई, म्हणजे आत्या, हीच मंजुळाबाई, आपल्या पोरीला घेऊन धुळ्याच्या एका दवाखान्यात गेली. सोबत लिहिता-वाचता माणूस हवा म्हणून नवल. खिडकीतून चार पानी फॉर्म आला. फुई बाकावर दिपमालाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी वीस वर्षांची, आणि मांडीवर मावत होती. नवलने नाव लिहिलं, वय लिहिलं, वजन छत्तीस लिहिलं. तिसऱ्या पानावर रकाना होता, ‘रक्ताच्या नात्यात कोणाला आतड्याचा दीर्घ आजार आहे का?’ नवलने मान वर केली नाही, की फुईला हाक मारली नाही. हाताला सवय होती. निरंक.

हे लिहिणारा तोच नवल. पण गोष्ट फुईची आहे, म्हणून यापुढे तोही बाकीच्यांसारखा नावानेच येईल आणि बोलणीही सगळ्यांच्या पंगतीतच खाईल.

मंजुळाबाई दोंडाईच्याजवळच्या खेड्यातली. नवरा प्रेमराज सुरतला लूमवर, दिवाळीला आणि कोणी मेलं तर येतो. घरात सासरा उखर्डू आबा, मंजुळाबाई आणि दिपमाला. आबाच्या आधीची तीन भावंडं जगली नव्हती, म्हणून तो जन्मल्यावर त्याला उकिरड्यावर लोळवून आणलं आणि हे नाव ठेवलं, की मरणाला वाटावं हा टाकलेला माल आहे. मरण फसलं. आबा पंच्याहत्तरीला टुणटुणीत आहे. मात्र आजाराला नाव न सांगून फसवता येतं, हा समज त्या घरात बहुतेक तेव्हापासूनचाच.

मंजुळाबाई बावीस वर्षं मिरचीच्या पथारीवर देठ खुडते. पथारी म्हणजे दोंडाईच्याबाहेरचं मोकळं मैदान. तिथे हिवाळाभर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि तोंडाला फडकं बांधलेल्या बाया ओळीने बसून देठ मोडत, फटकी, म्हणजे पांढरी पडलेली, मिरची बाजूला काढत असतात. संध्याकाळी बोटांची अशी आग होते की पदराला गाठ मारता येत नाही. घरी गेल्यावर ती आधी ताकात हात बुडवून बसते. पोरगी लहान असताना तिला उचलण्याआधी कोपरापर्यंत दोनदा धुवायची. तिच्या हातची फटकी कधी चांगल्या ढिगात गेली नाही, असं मुकादम सांगतो, आणि मुकादम सहसा चांगलं सांगत नाही.

दिपमाला पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे शाळेच्या मैदानावर पळायची. मग पळताना मधेच शाळेच्या संडासाकडे वळायला लागली. आधी दोनदा, मग दिवसातून आठ-दहा वेळा. पोटाच्या उजव्या बाजूला कळ यायची. मग रक्त दिसलं. धुळ्याच्या डॉक्टरांनी दुर्बीण टाकून पाहिलं, आतड्यात जखमा दिसल्या. आपल्याकडे अशा जखमा म्हटल्या की आधी टीबी आठवतो, आणि त्यात चूक काही नाही, निम्म्या वेळा तो असतोच. त्यांनी फॉर्म उलटून पाहिला, तिसऱ्या पानावर निरंक वाचलं आणि आतड्याचा टीबी धरून चार औषधं सुरू केली. सहा महिने. थोडा फरक वाटला, पुन्हा बिघडलं, म्हणून वर आणखी दोन महिने.

त्या आठ महिन्यांत मंजुळाबाईने काय काय ऐकलं ते गावात विचारा, कोणीही सांगेल, कारण बोलणारे तेच. आईच्या हाताला मिरची, पोरीच्या पोटाला आग. पथारीवरून येऊन भाकरी थापते, मग काय होणार? शेजारच्या झमकूबाईने तर लिंबू उतरवून देताना सांगितलं, की आईच्या हाताचं विष दुधातून उतरतं. दिपमालाचं दूध सुटून अठरा वर्षं झाली होती. मंजुळाबाईने घरातलं तिखट बंद केलं. खान्देशात घरात तिखट नाही म्हणजे चुलीवरचा तवाच उतरवल्यासारखं. ऐन हंगामात दीड महिना पथारी सोडली. पोरीच्या ताटाला हात लावायच्या आधी साबण, मग माती, मग पुन्हा साबण. बोटांची सालं निघाली. आबा खाटेवर बसून हे सगळं बघत होता.

नोव्हेंबरात नणंद आली. सुनंदाबाई, प्रेमराजची थोरली बहीण, वरणगावला दिलेली. तिचे यजमान तिथल्या कारखान्यात नोकरीला. येताना स्टीलच्या डब्यात राजगिऱ्याचे लाडू आणले. दिपमालाच्या पोटावरून हात फिरवला, डोळ्याला पदर लावला, आणि निघताना दारात झमकूबाईच्या देखत म्हणाली, “मिरचीचं घर आहे, दुसरं काय होणार बाई?”

मंजुळाबाईने मान खाली घातली. तेव्हा तिलाही ते खरंच वाटत होतं.

फेब्रुवारीत जुन्या डॉक्टरांनी हात टेकले आणि त्यांच्याच दवाखान्यात दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी येणाऱ्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांचं नाव चेलना, माहेर जळगावच्या सोन्या-चांदीच्या दुकानातलं, बोलणं मात्र कसलाही मुलामा न लावता. त्यांनी सगळे कागद टेबलावर पसरले.

“दोन आजार आहेत,” त्या म्हणाल्या. “एक टीबी. दुसरा क्रोन्स, त्यात शरीराची राखण करणारी फौज आपल्याच आतड्यावर उलटते. आतून दिसायला दोन्ही जुळे भाऊ. टीबीची औषधं आठ महिने देऊनही ही सुधारलेली नाही, म्हणून मला दुसऱ्याचा संशय येतोय. पण दुसऱ्याचं औषध दिलं की ती फौज दाबली जाते. आत टीबी दबा धरून असला तर उसळेल. आणि काहीच केलं नाही तर आतडं आवळत चाललंय, कापावं लागेल.”

“मग आता?” मंजुळाबाईने विचारलं.

“महिनाभराने पुन्हा दुर्बीण टाकू. आतड्याचे बारीक तुकडे काढून मी दुसरीकडेही तपासायला पाठवते. एक गोष्ट कळली असती तर मदत झाली असती. हा दुसरा आजार कधी कधी घराण्यात असतो. पण तुमच्याकडे तर...” त्यांनी तिसरं पान वर धरलं. “निरंक.”

“निरंक म्हणजे काय?”

नवल पंख्याकडे बघायला लागला.

“म्हणजे कोणालाही नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मंजुळाबाई बोलते अहिराणी. इथे तिचं बोलणं बरंचसं धुऊन, इस्त्री करून लिहिलं आहे, पण हे वाक्य धुता येत नाही. ती भाच्याकडे वळली आणि म्हणाली, “कोणले इचारीसन लिखं तू?”

 

डॉक्टरीणबाईंनी एका चिठ्ठीवर गोळीचं नाव लिहिलं, त्याभोवती गोल केला आणि बजावलं की ही आत्ता घ्यायची नाही, पुढच्या वेळी ठरवू. तोवर रक्ताच्या नात्यात नीट विचारून या. मंजुळाबाईने ती चिठ्ठी बटव्यात ठेवली. ती सातवी शिकलेली, इंग्रजी अक्षरं एकेक लावत वाचते. महिनाभर रोज संध्याकाळी चिठ्ठी काढून बघायची. वाचता येत नव्हतं धड, पण अक्षरांचा आकार डोळ्यांत बसला.

नवलने प्रायश्चित्त म्हणून फोनवर फोन केले. सुरतला प्रेमराज, अमळनेरला दिपमालाचा चुलत काका, नंदुरबारची चुलत आजी. कोणालाच काही नव्हतं. पोटाचं विचारलं की माणसं अशी काही खणखणीत होतात की विचारू नका. वरणगावला सुनंदाबाई म्हणाली, “आमच्याकडे सगळं झकास.” आणि घरात आबाला विचारलं तेव्हा आबाने तंबाखू मळता मळता सांगितलं, “आपला खानदानमा आसं काही नही शे.”

मार्चचा पहिला गुरुवार आला, आणि नेमका त्याच दिवशी वरणगावला सुनंदाबाईच्या पुनमची सुपारी ठरली. सुपारी म्हणजे लग्न पक्कं झाल्याचा कार्यक्रम, मुलाकडचे चाळीस-पन्नास लोक, पुरणाचं जेवण. मंजुळाबाई एकुलती एक भावजय. तिने फोनवर सांगितलं, की त्या दिवशी दिपमालाला धुळ्याला दाखवायचं आहे. सुनंदाबाई म्हणाली, “नवल जाईल की. मामी नसली तर पुनमला कसं दिसेल?”

दुर्बीण आठवडाभर आधी झालीच होती, गुरुवारी फक्त निकाल आणि निर्णय. आबाही म्हणाला, जायला पाहिजे. मंजुळाबाई दातओठ खात मंगळवारी आबाला घेऊन गाडीत बसली. दिपमालाला शिंदखेड्याला नवलच्या घरी सोडलं.

बुधवारी सकाळी वरणगावच्या स्वयंपाकघरात तिने पुरणासाठी हरभऱ्याची डाळ काढायला मोठा डबा उघडला. बायका डाळीत नोटा ठेवतात, तिने स्वतःही ठेवल्या आहेत. म्हणून तळाशी प्लास्टिकची पिशवी लागली तेव्हा ती हसली आणि पिशवी जागेवर ठेवायला गेली. पण पिशवी वाजली. नोटा वाजत नाहीत.

आत गोळ्यांची पाकिटं होती. पाच-सहा, त्यातली दोन अर्धी संपलेली. मंजुळाबाईने पदराला हात पुसले. बटव्यातून चिठ्ठी काढली आणि ओट्यावर पाकिटाशेजारी ठेवली. मग पथारीवर निवडायला बसते तशी बसली. एक अक्षर चिठ्ठीतलं, एक पाकिटावरचं. पुन्हा एक, पुन्हा एक. शेवटपर्यंत फटकी निघाली नाही.

गॅसवर आधण उकळत होतं. सुनंदाबाई वेलदोडे घेऊन आत आली.

“अक्का, ह्या कोणाच्या?”

सुनंदाबाईने आधी दाराकडे पाहिलं, मग गोळ्यांकडे. “हळू बोल. बाहेर माणसं आहेत.”

“बाहेर आबा लसूण सोलताहेत. कोणाच्या?”

“माझ्या.” तिने दार लोटून घेतलं. “सात वर्षं झाली. जळगावला दाखवलं, मग मुंबईला. नियमाने घेतल्या की ठीक राहतं. तू नको लक्ष देऊ.”

“याचं नाव काय? आजाराचं.”

सुनंदाबाईने नाव सांगितलं. तेच नाव, डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं.

मंजुळाबाईच्या डोळ्यांसमोर फक्त स्वतःची बोटं येत होती, साल निघालेली.

“तू माझ्या घरी आलती,” ती म्हणाली. “पोरीच्या पोटावर हात ठेवला. तुला तर हाताखालीच कळलं असेल.”

“मला काय माहीत तिला तेच आहे? डॉक्टर टीबी म्हणत होते. मी काय डॉक्टर आहे?”

“डॉक्टर नाही. पण ‘मला हे आहे’ एवढं बोलायला डॉक्टर व्हायला लागतं का? दारात उभी राहून मला मिरचीचं घर म्हणाली तू. झमकूबाईच्या समोर.”

“ओघात बोलले मंजुळा. झमकूबाई काय झालं विचारत होती, काहीतरी सांगायला नको?”

“म्हणून माझं नाव सांगितलं.”

सुनंदाबाई स्टुलावर बसली. आता तिचाही आवाज चढला, तोही दाबलेलाच. “तुला बोलायला सोपं आहे. मला पहिल्यांदा झालं तेव्हा सासूने माहेरी धाडायची भाषा केली. ह्यांनी सांगितलं, घराबाहेर कळलं तर बघ. पुनमची दोन स्थळं अशीच गेली, कोणीतरी कुजबुजलं म्हणून. आता तिसरं आलंय. उद्या तुझ्या दिपमालाला उजवायचं नाही का? मी माहेराहून आणलं, पुनममध्ये उतरेल, तिच्या पोरांत उतरेल, असं गावभर होऊ देऊ?”

“आधी माझी जगू दे. उजवायचं मग पाहू.”

“एवढं काय मरायला टेकली नाही ती.”

हे वाक्य सुनंदाबाईच्या तोंडून गेलं, आणि गेल्यावर तिलाही कळलं असावं, कारण तिने तोंडावर हात ठेवला. मंजुळाबाई उठली. चिठ्ठी बटव्यात टाकली. एक पाकीटही टाकलं. दार उघडून बाहेरच्या खोलीत गेली.

आबा खाटेवर पाय पसरून लसूण सोलत होता. पुनम खाली बसून पाकळ्या वाटीत भरत होती.

“आबा, अक्काला काय आजार आहे ते तुम्हाला ठाऊक होतं?”

आबाने हातातली पाकळी पूर्ण सोलली. वाटीत टाकली.

“माहीत व्हतं.”

“कधीपासून?”

“जळगावना दवाखानामा पहिलांदा मीच लई गयथू.”

तिने आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं, असं पुनमने नंतर नवलला सांगितलं. ती ओरडली नाही. खाटेसमोर उभी राहून पाटावरवंट्यावर वाटावं तसं एकेक वाक्य बारीक करून बोलली.

“आठ महिने मी तुमच्यासमोर हात घासले, आबा. तुम्ही खाटेवर बसून पाहिलं. दीड महिना पथारी सोडली, तुम्ही विचारलं, का सोडली? मी सांगितलं, पोरीला माझ्या हाताचं लागतंय. तुम्ही काय म्हणाले? म्हणाले, बरं केलं. तुमच्या लेकीच्या पोटात होतं ते, तुमच्या नातीच्या पोटात निघालं, आणि नाव लागलं माझ्या हाताला. परवा नवलने विचारलं तेव्हा तंबाखू मळत होते ना? ती तंबाखू मळायला जेवढा वेळ लागला, त्यात सांगून झालं असतं.”

आबा म्हणाला, “पोरना संसार व्हता.”

“आणि माझी कोण होती, मुकादमची?”

आतून सुनंदाबाई आली. मंजुळाबाईने तिच्याकडे पाहिलंच नाही.

“उठा आबा. टोपी घाला.”

“कुठे?”

“धुळ्याला. उद्या दहा वाजता डॉक्टरीणबाईंच्या समोर बसायचं आणि आत्ता बोलले तेच बोलायचं. माझ्या एकटीच्या बोलण्यावर त्या पोरीचं आतडं ठेवायचं नाही मला. माणूस पाहिजे, नाहीतर कागद पाहिजे.”

“उद्या सुपारी आहे,” सुनंदाबाई म्हणाली. “मुलीचे आजोबा नाही दिसले तर त्या लोकांना काय सांगू?”

“काहीतरी सांगा. सात वर्षांची सवय आहे तुम्हाला.”

मग, कोणाला वाटलं नव्हतं पण, आबा उठला. खुंटीवरची टोपी घेतली. दाराशी जाऊन वाकला आणि एका पायात वहाण घातली. दुसरी चाचपत होता तेव्हा सुनंदाबाई आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला, साड्या खाली पडल्याचा आला. ती बाहेर आली तेव्हा हातात जाड हिरवी फाइल होती.

“घे,” ती म्हणाली. “सगळं आहे यात. पण आबांना राहू दे. आणि नाव झाकून दाखव.”

मंजुळाबाईने फाइल घेतली. नावाचं काही बोलली नाही. आबाकडे वळून बघते तर त्याच्या पायातली वहाण निघालेली होती आणि टोपी पुन्हा खुंटीवर. पंच्याहत्तर वर्षांच्या माणसाला घालायला एवढा वेळ लागला आणि काढायला काहीच लागला नाही. फुई म्हणते, त्या दिवसातलं बाकी सगळं ती विसरेल, ही चपळाई विसरणार नाही.

आत आधण उतू गेलं. पुनमने जाऊन गॅस बंद केला. मामी पिशवी घेऊन निघाली तेव्हा ती कोपऱ्यापर्यंत सोडायला आली. भुसावळची गाडी दिसल्यावर म्हणाली, “मामी, मला पण होईल का हो?”

मंजुळाबाईचा सगळा राग तोंडाशी होता, पण या पोरीवर काढायला तो तिचा नव्हता. “विचारून येते,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता ती धुळ्यात हजर होती. नवल दिपमालाला घेऊन आधीच बाकावर बसलेला. डॉक्टरीणबाईंनी फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, मधे कोणाचा फोन आला तो कापला. मग दिपमालाचे नवे निकाल शेजारी ठेवले.

“नुसत्या आत्याच्या फाइलवर मी निर्णय घेतला नसता,” त्या म्हणाल्या. “पण टीबीचं औषध लागू पडलं नाही, तुकड्यांत टीबी सापडला नाही, जखमांची ठेवण या आजाराची आहे, आणि आता सख्ख्या आत्याला तोच. तराजू झुकला. औषध आज सुरू करू. ऑपरेशनचं सध्या बाजूला ठेवू. लवकर कळलं असतं तर आतडं एवढं आवळलं नसतं.”

शेवटचं वाक्य त्या सहज बोलल्या. नवलला वाटलं ते त्याच्यासाठी होतं. मंजुळाबाई मात्र तोवर पुढे गेली होती.

“म्हणजे हे घराण्यातून आलं. मग घरात बाकीच्यांना का नाही? पोरीच्या बापाला नाही, आबाला नाही.”

“घराण्यातून रोग येत नाही, रोगाकडे कल येतो. तोही एका बाजूनेच येतो असं नाही, थोडा आईकडून, थोडा बापाकडून. कल असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही. काहींना होतं. वरून आणखी काय काय जुळून यावं लागतं ते पूर्ण आम्हालाही कळलेलं नाही.”

मंजुळाबाईने थोडा विचार केला. “मिरचीवर चुरडा येतो तसं का? पानं आक्रसतात. एकाच वाफ्यात एका वाणाला लवकर धरतो, दुसऱ्याला नाही. पण ज्या वाणाला धरतो त्याचीही सगळी झाडं जात नाहीत. वारं, किडा, पाणी, काहीतरी लागतंच.”

“याच्यापेक्षा चांगलं मला सांगता येणार नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“म्हणजे नणंदेच्या पोरीला होईलच असं नाही?”

“नाही. इतरांपेक्षा शक्यता जास्त, पण न होण्याचीच शक्यता मोठी. त्रास सुरू झाला तर लपवू नका, एवढंच सांगा तिला.”

“आणि मिरची?”

“मिरचीचं काय?”

“मी पथारीवर देठ खुडते. गाव म्हणतं, माझ्या हातामुळे झालं.”

डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवलं. “मिरचीने हा रोग होत नाही. दुखत असताना तिखट खाल्लं तर त्रास वाढेल, म्हणून सध्या तिला देऊ नका. तुमच्या हाताचा, तुमच्या कामाचा यात काही संबंध नाही.”

“हे लिहून द्या.”

“काय?”

“हेच. कागदावर. वर दवाखान्याचं नाव पाहिजे, खाली सही, शिक्का.”

“अहो, असं सर्टिफिकेट नसतं.”

“निरंक लिहायला कागद होता,” मंजुळाबाई म्हणाली, “मग याला पण असेल.”

बाहेर तीस पेशंट होते. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्याचा कागद ओढला आणि मराठीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं, की दिपमाला प्रेमराज हिच्या आतड्याच्या आजाराशी तिच्या आईच्या कामाचा किंवा मिरचीचा संबंध नाही. सही केली. शिक्का दोनदा मारला, कारण पहिला पुसट आला होता.

मग तिसरं पान उलटलं. नवलला पेन देण्यात आलं. त्याने निरंक खोडलं आणि फुईला विचारून, वर मान करून, तिच्या तोंडाकडे बघून लिहिलं, ‘आत्या, वडिलांची सख्खी बहीण.’ नाव लिहायला जागा होती. मंजुळाबाई म्हणाली, नको. सुनंदाबाईसाठी नाही, पुनमसाठी.

कागदाचं लॅमिनेशन नवलने केलं. दोन वेळा, कारण पहिल्यात बुडबुडा राहिला तो फुईला चालला नाही. तो आता त्यांच्या बाहेरच्या खोलीत भिंतीवर आहे, नेमका आबाच्या खाटेच्या वर. येणारा-जाणारा आबाशी बोलायला बसतो, मान वर करतो आणि वाचतो. झमकूबाईला वाचता येत नाही, म्हणून तिला दिपमालाने मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. आबा तेव्हा भिंतीकडे तोंड करून निजला होता. मंजुळाबाई त्याला वेळेवर भाकरी देते, त्याची धोतरं धुते. बोलत नाही. घरात पुन्हा फोडणीला तिखट पडतं, दिपमालाचं तेवढं वेगळं.

दिपमालाचं वजन सहा महिन्यांत नऊ किलोंनी वाढलं. या वर्षीची भरती गेली. मैदानाला दोन फेऱ्या मारते आणि तिसरीला बसते. शाळेचा संडास कुठे आहे ते न बघता पळते, हे तिच्या आईने मोजलं आहे.

पुनमचं लग्न मे महिन्यात लागलं. तिने सुपारीनंतर आठच दिवसांनी मुलाला स्वतः सगळं सांगून टाकलं. तो म्हणाला, माझ्या वडिलांना शुगर आहे, मी तरी कुठे सांगितलं होतं? सुपारीच्या दिवशी मामी का दिसली नाही, याचं कारण मात्र मुलाकडच्यांना अजून वेगळंच माहीत आहे. सुनंदाबाईने त्यांना सांगितलं होतं, मिरचीचा हंगाम आहे, तिला सवड नाही. हे मंजुळाबाईला लग्नाच्या मांडवात, पंगतीत वाढताना कळलं. तिने हातातली वरणाची बादली खाली ठेवली आणि जेवून न घेता निघून आली.

फाइल नवलने एप्रिलमध्येच वरणगावला पोचवली. राहिला तो लाडवांचा डबा. परवा सुनंदाबाईचा फोन आला. तब्येतीचं विचारून झालं, पावसाचं झालं, मग म्हणाली, “मंजुळा, माझा डबा राहिलाय गं तुझ्याकडे.”

“देते पाठवून,” मंजुळाबाई म्हणाली.

डबा चांगला आहे, जाड पत्र्याचा. फाइलीवरचं नाव झाकायला सांगणाऱ्या बाईने झाकणावर मात्र मशीनने पूर्ण नाव कोरून घेतलं आहे, गावासकट. कोणाचा डबा रिकामा परत करायचा नसतो. मंजुळाबाईने एकदा त्यात लाडू भरले, आणि दारातलं ते बोलणं आठवून पोरांना वाटून टाकले. एकदा निवडलेली, बिनदेठाची, एकही फटकी नसलेली लाल मिरची गळ्यापर्यंत भरली, झाकण लावलं, नवलला हाक मारली. तो गाडीला किक मारतोय तोवर तिनेच डबा परत घेतला. त्या बाईच्या पोटाला हे चालत नाही, ती म्हणाली, आणि मिरची गोणीत ओतली.

डबा फळीवर आहे. घासून, पुसून, पालथा.